रवी आणि रहाट

राजांच्या लढायांना आणि तहांना इतिहासाच्या ग्रंथांत जितकीं पानें मिळालीं आहेत, त्यांच्या शतांशानेंही घरांतील मोरीच्या वांट्याला आलेलीं नाहींत. पानिपतावर उभय पक्षांचें सैन्य किती होतें याविषयीं आपले संशोधक हमरीतुमरीवर येतात. परंतु त्याच काळीं पुण्यांतील एखाद्या वाड्यांत रोज किती हंडे पाणी लागे, तें कोण वाहून आणी, आणि वाड्यांतील साऱ्या माणसांचें धुणें कोणाच्या पाठीवर पडे, हे प्रश्न विचारण्याची फारशी कोणास आवश्यकता वाटलेली दिसत नाहीं. वास्तविक लढाई ही क्वचित् होणारी गोष्ट, आणि धुणें हें नित्याचें. जें नित्य घडतें त्यालाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदां लढायांच्या इतिहासाइतकाच बोधप्रद असतो. म्हणून प्रस्तुत लेखांत एका अगदीं घरगुती वस्तूचें, म्हणजे कपडे धुण्याच्या यंत्राचें, पूर्ववृत्त थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

सध्यां आपल्या शहरांतील मध्यम स्थितीच्या कुटुंबांत एक लहानसें स्थित्यंतर चालू आहे. दहापंधरा वर्षें इमानानें राबलेलें, वरून झांकण उघडणारें यंत्र काढून टाकावें आणि त्याच्या जागीं पुढच्या बाजूस वाटोळ्या कांचेचें दार असलेलें यंत्र आणावें कीं काय, याचा खल घरोघर होतो. दुकानदार सांगतो कीं पहिला प्रकार जुना व दुसरा नवा, पहिला स्वस्त व दुसरा महाग; आणि जें नवें व महाग तेंच चांगलें, हा सिद्धांत गिऱ्हाइकानें मनांतल्या मनांत आधींच मान्य केलेला असतो. इतिहासाकडे वळून पाहिलें, तर या नव्याजुन्याच्या कल्पनेस बराच धक्का बसतो. हीं दोन्ही यंत्रें जवळजवळ समवयस्क भावंडें आहेत, आणि त्यांची भाऊबंदकी सुमारें अडीचशें वर्षांची आहे.

आरंभींच एक खुलासा करणें अवश्य आहे. दार वर आहे कीं पुढें आहे, हा केवळ बाहेरचा भेद होय. खरा भेद आंसाचा. ज्या यंत्रांतील भांडें उभ्या आंसाभोंवतीं असतें त्यांत कपडे वरून टाकणें सोयीचें, आणि ज्यांतील पिंप आडव्या आंसावर फिरतें त्याला दार पुढें ठेवणें सोयीचें, एवढाच दाराचा आणि आंसाचा संबंध. फ्रान्समध्यें आडव्या आंसाचें पिंप असून झांकण मात्र वर आहे, अशीं अरुंद यंत्रें आजही पुष्कळ घरांत दिसतात. तेव्हां यापुढें आपण उभ्या आणि आडव्या आंसाविषयीं बोलूं. दाराची गोष्ट तिच्या मागोमाग आपोआप येईल.

कपडा स्वच्छ होण्यास काय काय लागतें? हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनज्ञानें १९५९ सालीं या प्रश्नाचें उत्तर एका वर्तुळाच्या रूपानें मांडलें. त्याच्या मतें पाण्याच्या साहाय्यानें चालणाऱ्या या कार्याचीं अंगें चार: साबण किंवा तत्सम रसायन, उष्णता, काळ आणि हालचाल. यांपैकीं एक कमी केलें तर उरलेल्यांपैकीं एखादें वाढवावें लागतें. आपल्या आज्यांना हें वर्तुळ ठाऊक नव्हतें, पण त्याचा व्यवहार पक्का ठाऊक होता. साबण महाग, म्हणून रिठे आणि खार. मळ फार, म्हणून उकळतें पाणी. दोन्ही नसतील तर कपडा रात्रभर भिजत ठेवावयाचा, म्हणजे काळ वाढवावयाचा. आणि एवढ्यानेंही न भागल्यास दगडावर हात चालवावयाचा. यांपैकीं हालचाल हें अंग मनुष्याच्या शरीरास सर्वांत अधिक शिणविणारें, आणि म्हणूनच यंत्राच्या कल्पनेचा जन्म त्याच ठिकाणीं झाला.

हाताच्या या हालचालीच्या मुख्यतः दोन तऱ्हा जगभर आढळतात. एक, कपडा पाण्यांत ठेवून तें पाणी व तो कपडा ढवळीत राहणें. दुसरी, कपडा पाण्याबाहेर उचलून पुनः खालीं आपटणें. इंग्लंडांतील बायका दांड्याच्या टोंकाला तीनचार खुंट्या बसविलेलें ‘डॉली’ नांवाचें एक साधन वापरीत; डेऱ्यांत ताक घुसळावें तसे त्या पिंपांतले कपडे घुसळीत. आपल्याकडील परीट दुसऱ्या तऱ्हेचा उपासक. ओला पिळा डोक्यावरून फिरवून तो दगडावर आणतो, तेव्हां पाणी कपड्याच्या धाग्याधाग्यांतून मळासकट बाहेर फेंकलें जातें. पहिल्या तऱ्हेला आपण रवी म्हणूं आणि दुसरीला रहाट. कारण रहाटाच्या चाकावर गाडगें वर जातें आणि माथ्यावर येऊन रितें होतें, तसाच आडव्या पिंपांत कपडा वर उचलला जातो आणि माथ्याजवळून खालीं कोसळतो. घराघरांत आज जीं यंत्रें आहेत तीं या दोन क्रियांचीं लोखंडी रूपें होत.

रवीचा मान कालदृष्ट्या पहिला. जर्मनींतील रेगेन्सबुर्ग शहरीं याकोब ख्रिस्तियान शेफर नांवाचे एक धर्मोपदेशक होते. पाखरें, अळंबी, वनस्पति यांचा त्यांना मोठा नाद. चिंध्यांवांचून कागद करतां येईल कीं काय हें पाहण्यासाठीं त्यांनीं नाना वनस्पतींवर प्रयोग केले होते. या गृहस्थांनीं १७६७ च्या सुमारास कपडे धुण्याच्या एका यंत्राची माहिती प्रसिद्ध केली. लांकडी पिंप, त्यावर झांकण, झांकणांतून आंत गेलेला खुंट्यांचा दांडा, आणि तो फिरविण्यास वर मूठ, असें त्याचें स्वरूप होतें. पंधरा वर्षांनीं, १७८२ सालीं, इंग्लंडांत हेन्री सिजियर यानें दुसऱ्या प्रकारच्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्यांत लांकडी गजांचा एक पिंजरा होता. कपडे त्या पिंजऱ्यांत घालून तो मुठीनें गरगर फिरवावयाचा. अशा रीतीनें रवी आणि रहाट हीं दोघेंही वाफेचें एंजिन गिरण्यांत सर्रास शिरण्यापूर्वींच जन्मास आलेलीं होतीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत जेम्स किंग (१८५१) आणि हॅमिल्टन स्मिथ (१८५८) यांनीं फिरत्या पिंपाच्या यंत्रांचीं पेटंटें घेतलीं, आणि पुढें हॉटेलें, इस्पितळें व मोठमोठ्या धुलाईच्या कारखान्यांतून वाफेवर चालणारीं आडवीं पिंपें फिरूं लागलीं.

याच काळांत धुणें ही केवळ नीटनेटकेपणाची बाब नसून जीवनमरणाची बाब आहे, ही जाणीव युरोपांतील शहरांस झाली. १८३२ सालीं लिव्हरपूलमध्यें पटकीची सांथ आली असतां किटी विल्किन्सन नांवाच्या एका गरीब आयरिश स्त्रीनें आपल्या घरांतील पाणी तापविण्याचें मोठें भांडें शेजाऱ्यापाजाऱ्यांस रोग्यांचे कपडे उकळण्यासाठीं खुलें करून दिलें. तिच्या या उपक्रमांतून पुढें १८४२ सालीं त्या शहराच्या फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक स्नानगृह आणि धुण्याचें घर उघडलें. आणि १८४६ सालीं पार्लमेंटानें अशीं धुण्याचीं घरें बांधण्यास स्थानिक संस्थांना मुभा देणारा कायदा केला. गरम पाणी आणि धुण्याची जागा हीं ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडण्याजोगीं नाहींत, हें तत्त्व एका निरक्षरप्राय वस्तींतून वर आलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

विजेच्या युगांत प्रथम पाऊल टाकलें तें रहाटानेंच. शिकागो येथील हर्ले कंपनीच्या ‘थॉर’ नांवाच्या यंत्राकरितां आल्वा फिशर यास १९१० सालीं पेटंट मिळालें. विजेचें धुलाईयंत्र यानेंच शोधिलें असें पुष्कळ वर्षें समजलें जात असे. त्यापूर्वींचीं पेटंटें उजेडांत आल्यावर तो मान त्याच्याकडे राहिला नाहीं. परंतु त्या यंत्राची रचना सुबक होती. पिंप कांहीं फेरे एका दिशेनें घेई व मग उलट दिशेनें फिरे, त्यामुळें कपड्यांचा गुंता होत नसे. यानंतर बाजी पालटली. आयोवा संस्थानांतील न्यूटन गांवच्या मेटॅग कंपनीनें १९२२ सालीं हॉवर्ड स्नायडर याच्या कल्पनेवरून असें यंत्र काढलें कीं ज्यांत घुसळणारी रवी झांकणाला टांगलेली नसून भांड्याच्या तळांतून वर आलेली होती. जुन्या यंत्रांत खुंट्या कपडे ओढीत. या नव्या रवीनें कपड्यांतून पाणीच जोरानें खेळूं लागलें. कपडे कमी फाटूं लागले आणि मळ अधिक निघूं लागला. या एका यंत्रानें ती कंपनी अमेरिकेच्या अग्रभागीं जाऊन बसली, आणि रवीचें राज्य सुरू झालें.

मध्यंतरीं रहाटानें एक मोठी चढाई केली. १९३७ सालीं बेंडिक्स कंपनीनें पाणी भरणें, धुणें, विसळणें व पिळणें हीं सारीं कामें मनुष्याचा हात न लागतां करणारें यंत्र बाजारांत आणलें. घरगुती यंत्रांत असें स्वयंचलित यंत्र हें पहिलेंच, आणि तें होतें आडव्या आंसाचें, पुढें वाटोळी कांच असलेलें. म्हणजे आज ज्या रूपास आपण अगदीं आधुनिक समजतों, तें रूप दुसऱ्या महायुद्धाच्या पूर्वींच अमेरिकेंतील घरांत वावरूं लागलें होतें. मग तें मागें कां पडलें?

याचीं कारणें पाहूं लागलें म्हणजे यंत्रांचा जयापजय केवळ त्यांच्या गुणांवर ठरत नाहीं हें स्पष्ट दिसतें. पहिलें कारण रचनेचें. उभ्या भांड्यांत पाणी आपल्या वजनानेंच राहतें. त्याला पुढून बंदोबस्त करावा लागत नाहीं. आडव्या पिंपाच्या दाराला मात्र पाणी न झिरपेल अशी रबराची कड हवी, आणि एकाच बाजूनें आधार असलेलें ओल्या कपड्यांचें ओझें पेलण्यास मागील धारवे भक्कम हवेत. त्या वेळच्या बेंडिक्स यंत्राला हादरे शोषून घेण्याची सोय नव्हती. पिळण्याच्या वेळीं तें इतकें थरथरे कीं तें जमिनीला बोल्टांनीं जखडून ठेवावें लागे. दुसरें कारण फेंसाचें. आडव्या पिंपांत कपडा वरून खालीं पडला पाहिजे. फेंस फार झाला तर तो गादीसारखा मध्यें येतो आणि पडण्याचा जोर नाहींसा होतो. १९४६ सालीं अमेरिकेंत ‘टाइड’ची भुकटी आली, आणि जितका फेंस अधिक तितकी स्वच्छता अधिक, अशी गृहिणींची समजूत दृढ होत गेली. आपल्याकडेही १९५९ सालीं आलेल्या ‘सर्फ’नें आणि १९६९ पासून घरोघर पोंचलेल्या ‘निरमा’नें हीच समजूत पोसली. तिसरें कारण संवयीचें: वरून उघडणाऱ्या यंत्रांत राहिलेला पायमोजा मागाहून टाकतां येतो, आणि तें भरण्यासाठीं वांकावें लागत नाहीं. १९४७ सालीं जनरल इलेक्ट्रिक आदि बड्या कंपन्यांनीं रवीचींच स्वयंचलित यंत्रें काढलीं, तीं स्वस्त पडलीं, आणि पुढील पन्नास वर्षें अमेरिकन घरांत रवीचें राज्य निर्वेध चाललें.

परंतु या सर्वांच्या मुळाशीं आणखी एक कारण होतें, आणि तें कोणाच्या तोंडीं नव्हतें म्हणूनच अधिक महत्त्वाचें. रवीच्या यंत्रांत कपडे पाण्यांत तरंगले पाहिजेत. तरंगले नाहींत तर घुसळणार काय? म्हणून भांडें जवळजवळ कांठोकांठ भरावें लागतें. रहाटांत तळाशीं थोडें पाणी सांचलें तरी पुरतें, कारण कपडाच त्यांत येऊन बुडतो आणि पुनः वर जातो. हा फरक निसर्गनियमाचा आहे. तो कोणत्याही कारागिरीनें पुसतां येत नाहीं. अमेरिकेंत पाणी मुबलक, तें तापविण्याचें इंधन स्वस्त, आणि घराच्या तळघरांत गरम पाण्याची टाकी सदैव भरलेली. तेथें हा फरक कोणाच्या खिशाला जाणवला नाहीं. जेथें जाणवला, तेथें निकाल उलट लागला. भाड्यानें कपडे धुवून देणाऱ्या दुकानांत, जेथें नाणें टाकून यंत्र चालवावयाचें, तेथें अमेरिकेंतही आडवीं पिंपेंच टिकून राहिलीं. कारण तेथें पाण्याचें बिल दुकानाचा मालक भरीत असे, आणि तो हिशेबी होता.

युरोपांत परिस्थिति निराळी होती. जर्मन गृहिणीला कपडे उकळल्याशिवाय ते धुतल्याचें समाधान नसे. पाणी यंत्राच्या पोटांतच तापवावयाचें ठरलें म्हणजे तें जितकें थोडें तितकें बरें; म्हणून १९५१ सालीं ‘कन्स्ट्रुक्टा’ हें जर्मनींतील पहिलें स्वयंचलित यंत्र आलें तें पुढून उघडणारेंच, आणि तेथून त्या खंडांत रहाटाची परंपरा अखंड चालू राहिली. इंग्लंडांत स्वयंपाकघराच्या ओट्याखालीं यंत्र सरकवून ठेवण्याची पद्धत पडली. ओट्याखालच्या यंत्राचें झांकण वर असून चालत नाहीं, हें उघड आहे. जपानांत गोष्ट आणखी वेगळी. तेथें १९३० सालीं शिबाउरा कारखान्यानें पहिलें विजेचें यंत्र काढलें, आणि १९५० नंतरच्या दशकांत दूरचित्रवाणी, शीतकपाट व धुलाईयंत्र या तिहींस लोक विनोदानें तीन पवित्र रत्नें म्हणूं लागले. जपानी कुटुंबांत कपडे थंड पाण्यानें धुण्याची चाल. आणि रात्रीं स्नानाच्या हौदांत उरलेलें पाणी सकाळीं धुण्यास घेण्याचीही चाल. पाणी तापवावयाचें नाहीं आणि फुकटचें हाताशीं आहे, तेव्हां वरून उघडणारें यंत्रच तेथें रुजलें. एकंदरींत ज्या देशाचें जसें पाणी, तसें त्याचें यंत्र.

अमेरिकेची झोंप मोडण्यास १९७३ सालच्या तेलटंचाईपासून आरंभ झाला, तरी प्रत्यक्ष कसोटी लागली ती १९९७ सालीं, आणि तीही एका खेड्यांत. कॅन्सस संस्थानांतील नेमाहा परगण्यांत बर्न नांवाचें सुमारें दोनशें वस्तीचें गांव आहे. तेथें पाण्याची नेहमीं ओढ. सरकारच्या ऊर्जाखात्यानें ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेमार्फत या गांवीं व आसपास १०३ घरांत एक प्रयोग केला. आधीं प्रत्येक घरच्या जुन्या, वरून उघडणाऱ्या यंत्राला मापकें जोडून पाणी, वीज आणि कपड्यांचें वजन टिपून घेतलें. मग तीं सर्व यंत्रें काढून त्या जागीं एकाच जातीचीं, आडव्या आंसाचीं नवीं यंत्रें बसविलीं आणि पुनः तेंच मोजमाप केलें. माणसें तींच, कपडे तेच, मळही तोच. बदललें तें केवळ यंत्र. वीस हजारांहून अधिक खेपांची नोंद झाली. निष्कर्ष असा निघाला कीं दर खेपेस लागणारें पाणी सरासरी ४१.५ अमेरिकी गॅलनांवरून २५.८ गॅलनांवर, म्हणजे सुमारें १५७ लिटरांवरून ९८ लिटरांवर आलें. आणि धुण्यासाठीं खर्च होणारी ऊर्जा निम्म्याहूनही कमी झाली, कारण ती ऊर्जा मुख्यतः पाणी तापविण्यांत जात होती. शिवाय पिंप वेगानें फिरून कपडे अधिक कोरडे पिळून निघत, तो लाभ निराळाच. प्रयोगशाळेच्या चार भिंतींत सिद्ध झालेली गोष्ट आणि एका अख्ख्या गांवाच्या मोऱ्यांत सिद्ध झालेली गोष्ट यांच्या वजनांत अंतर आहे. २००१ सालीं अमेरिकन सरकारनें धुलाईयंत्रांच्या ऊर्जाव्ययाचे कडक नियम जाहीर केले, ते २००४ व २००७ असे दोन टप्प्यांनीं अमलांत आले, आणि रहाट पुनः अमेरिकन घरांत मानानें शिरला.

या कथेंत नियतीचा एक उपरोध आहे. बर्न गांवीं बसविलेलीं तीं नवीं यंत्रें मेटॅग कंपनीचींच होतीं. म्हणजे ज्या कंपनीनें १९२२ सालीं रवीला सिंहासनावर बसविलें, तिनेंच पंचाहत्तर वर्षांनीं रहाटाला पाचारण केलें. परंतु त्यामुळें ती कंपनी तरली मात्र नाहीं. २००६ सालीं ती एका प्रतिस्पर्धी कंपनीच्या हातीं गेली, आणि २००७ सालीं न्यूटनचा जुना कारखाना बंद पडला. नव्या तऱ्हेचीं यंत्रें निर्दोष होतीं असेंही नाहीं. दाराच्या रबरी कडेंत ओल राही, थंड पाण्यानें व जास्त साबणानें धुतल्यास तेथें बुरशी धरे, आणि कपड्यांना कुबट वास येई; अशा तक्रारी अमेरिकेंत न्यायालयापर्यंत गेल्या. धुणें संपल्यावर दार थोडें उघडें ठेवणें, कमी फेंसाची भुकटी व तीही मोजून घालणें, हा धडा गृहिणींना नव्यानें गिरवावा लागला. यंत्र बदललें म्हणजे हात बदलावा लागतो. आणि हें दुकानदार सहसा सांगत नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपल्या गांवगाड्यांत बारा बलुतेदारांमध्यें परीट हा एक. त्याची भट्टी, त्याची नीळ, त्याची कांजी यांवर गांवाची इभ्रत उभी असे, आणि तरीही गांवाच्या पंक्तींत त्याचें स्थान खालचें. ज्या हातांनीं दुसऱ्यांचा मळ काढला त्या हातांनाच मळका मानण्याचा हा न्याय आपल्या समाजानें शतकानुशतकें चालविला. आणि त्याच परीट कुळांत जन्मलेल्या गाडगे महाराजांनीं (१८७६–१९५६) हातांत खराटा घेऊन त्या समाजास स्वच्छता शिकविली. मुंबईसारखें शहर वाढलें तसें परटांचें काम एकवटलें. धोबीतलाव हें नांव आजही त्या जुन्या तळ्याची आठवण ठेवून आहे. आणि महालक्ष्मीचा धोबीघाट, जो १८९० च्या सुमारास बांधला गेला, तेथें दगडी हौदांच्या रांगांतून ती आपटण्याची पुरातन क्रिया अद्यापि पाहावयास मिळते, जरी त्याच्या शेजारीं आतां यंत्रांचाही घरघराट ऐकूं येतो.

आपल्या घरांत यंत्र शिरलें तें बहुधा दोन टाक्यांचें: एकींत धुवावयाचें, उचलून दुसरींत पिळावयाचें. हें जपानी धाटणीचें यंत्र आपल्याकडे इतकें लोकप्रिय कां झालें, याचें उत्तर पुनः पाण्यांतच सांपडतें. ज्या शहरांत नळाला पाणी सकाळीं तासभर येतें, तेथें तोटीच्या अखंड धारेवर अवलंबून राहणारें यंत्र काय कामाचें? वरून उघडणाऱ्या टाकींत बालदीनें पाणी ओततां येतें; वीज गेली तर झांकण उघडून कपडे बाहेर काढतां येतात; आणि काटकसरी गृहिणी एकाच साबणाच्या पाण्यांत आधीं पांढरे, मग रंगीत, आणि शेवटीं पायपुसणीं धुवून, विसळण्याचें पाणी फरशीसाठीं बाजूस काढते. अशा हातांत जुनें यंत्रही पाणी फार खात नाहीं. १९९० नंतर गोव्यांत पुढून उघडणारीं यंत्रें तयार होऊं लागलीं, तरी ज्यांच्या गच्चीवर टाकी आणि नळाला जोर आहे अशा घरांपुरताच त्यांचा प्रसार कित्येक वर्षें राहिला, तो याच कारणानें. आतां इमारतींना टाक्या आल्या, बालदी ओतण्याचे श्रम कोणी करीत नाहीं, आणि बटण दाबून चालणारें उभ्या भांड्याचें यंत्र दर खेपेस काठोकाठ भरूं लागलें. म्हणून रहाटाचा गुण आज आपल्याकडे उपयोगाचा झाला आहे. २०१६ सालच्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. ज्या महाराष्ट्रांत हें घडलें, तेथें एका खेपेमागें साठ लिटर वांचणें ही गोष्ट क्षुल्लक खचित नव्हे.

एवढ्यावर लेख संपविला असता तर तो यंत्राच्या जाहिरातीसारखा दिसला असता. म्हणून एका इतिहासकर्त्रीच्या मताचा निर्देश करणें अवश्य आहे. रूथ श्वार्त्झ कोवन या अमेरिकन विदुषीनें १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथांत असें दाखवून दिलें आहे कीं घरगुती यंत्रांनीं कामाचे कष्ट हलके केले, तरी गृहिणीचे कामाचे तास त्या मानानें घटले नाहींत. जें धुणें पूर्वीं धुलाईच्या कारखान्यांत किंवा धुणेंवालीकडे जाई, तें यंत्र आल्यावर घरीं परतलें. आठवड्यानें बदलावयाचे कपडे रोज बदलले जाऊं लागले. आणि पूर्वीं घरांतील पुरुष व मुलें जीं पाणी वाहण्याचीं, लांकडें फोडण्याचीं कामें करीत, तीं नाहींशीं झाल्यामुळें घरकाम केवळ एकटीच्या गळ्यांत पडलें. आपल्याकडे याहून वेगळें घडलें आहे असें म्हणवत नाहीं. परटाचें घर दूर झालें, धुण्याची बाई सुटली, आणि बटण दाबणें, वाळत घालणें, घड्या करणें हीं कामें बहुतेक घरांत एकाच व्यक्तीकडे आलीं. हात सुजणें आणि कंबर मोडणें थांबलें, हा लाभ लहान नाहीं. ज्यांनीं आपल्या आईला हिवाळ्याच्या पहांटे विहिरीवर धुणें धुतांना पाहिलें आहे, त्यांना तो समजावून सांगावा लागणार नाहीं. पण वांचलेला वेळ कोणाच्या वांट्याला गेला, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं.

या सर्व वृत्तांतावरून मला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली ही कीं, यंत्रांच्या इतिहासांत नवें आणि जुनें हे शब्द फार जपून वापरावेत. रहाट १७८२ सालीं जन्मला, १९१० सालीं त्याला वीज मिळाली, १९३७ सालीं तो आपोआप चालूं लागला, मग एका श्रीमंत देशानें पाणी स्वस्त मानलें म्हणून तो त्या देशाच्या घरांतून पन्नास वर्षें हद्दपार राहिला, आणि पाण्याची किंमत कळल्यावर परत आला. त्याचा गुण पहिल्यापासून तोच होता. लोकांचा हिशेब मात्र बदलला. दुसरी ही कीं, घरांत यंत्र घेतांना आपण जे प्रश्न विचारतों त्यांत दोनांची भर घालावी. एका धुण्यास पाणी किती लागेल, आणि यंत्र थांबल्यावर त्यापुढें कोण उभें राहील? पहिल्याचें उत्तर दुकानांत मिळतें. दुसऱ्याचें घरांतच द्यावें लागतें. आणि तें देतांना घरांतील पुरुषांनीं व मुलांनीं आपल्या हातांकडे एकदां पाहिलें, तर यंत्र बदलण्याचा खर्च खऱ्या अर्थानें वसूल झाला असें म्हणतां येईल.